पलटी फेरी

१४ मार्च, दुपार

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. आई बरी आहे, तिला तू पडलीस एवढंच सांगितलंय. तुझ्या कुंड्यांना पाणी घातलं. नर्सबाई म्हणाल्या, जबडा तारेनं बांधलाय, महिनाभर बोलायचं नाही. तू आणि गप्प! समोर बसून सांगायची हिंमत नाही, म्हणून त्यांच्याच हाती हे पत्र देतेय.

वादविवाद स्पर्धा मी जिंकले. विषय होता, 'सज्ञान माणसाच्या खासगी निर्णयात सरकारनं पडावं का?' चिठ्ठी उचलली, 'पडू नये' आलं. हॉल दणाणून सोडला मी. घराच्या दाराआत सरकारचं काय काम, असं विचारलं तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या भावोजींनी वाजवल्या.

मग पलटी फेरी. दोन मिनिटं स्वतःच्याच विरुद्ध बोलायचं. उदाहरण सुचेना, घंटा वाजायला आलेली, आणि तोंडातून निघून गेलं, "एका बाईची पाठ नवरा इस्त्रीनं भाजतो. ती म्हणते, माझा संसार, माझा निर्णय. शेजारच्या खोलीत तिची बहीण कानावर उशी दाबून भाषण पाठ करते."

भावोजी उठून गेले. ते कुठे चाललेत हे मला कळलं होतं गं. तरी मी बक्षिसासाठी, फोटोसाठी तासभर थांबले.

घरी आले तेव्हा तो तुझे केस धरून तुझं तोंड ओट्याच्या कडेवर आपटत होता. "कुणाकुणाला सांगितलंस, बोल!" फरशीवर दात पडले होते. मी करंडक त्याच्या डोक्यात घातला. दोनदा. रक्ताची चिळकांडी माझ्या तोंडावर उडाली आणि खरं सांगू, बरं वाटलं. तिसऱ्यांदा हात उचलला तर तूच धरलास. जबडा लोंबत असताना! असा राग आला ना तुझा!

आणि वर डॉक्टरांना लिहून दिलंस, न्हाणीघरात पडले. तो इथेच खालच्या मजल्यावर टाके घालून पडलाय, म्हणतो जिन्यावरून घसरलो. काय जोडी आहे!

सकाळी पोलीस चौकीत जाऊन मी सगळं सांगितलं. माझे दोन घावसुद्धा. चार वाजता पोलीसबाई तुझ्याकडे येतील. उशाशी वही-पेन ठेवलंय. काय लिहायचं ते तू ठरव, सज्ञान आहेस. फक्त मला वाचवायला खोटं लिहू नकोस. या वेळी माझी बाजू मी चिठ्ठी उचलून घेतलेली नाही.

दाराबाहेर बाकावर बसलेय. कानावर काही नाही.

तुझीच,
धाकटी