टाकीतलं कबूतर

बडोदे, ऑगस्ट २००८

प्रिय निरुपमा,

‘प्रिय’ हे सवयीने लिहिलं गेलं, आता खोडत बसत नाही. तुझे फोन मी मुद्दाम घेत नाही. तुला काही सांगितलं की ते चार दिवसांत तुझ्या ब्लॉगवर चढतं, म्हणून हे कागदावर. आमच्या शाळेच्या मालकीण कोकिलाबेननी मला नोकरीवरून घरी बसवलंय. छाणीचा कारखाना बंद पडल्यापासून ह्यांना काम नाही, घर माझ्या पगारावर चालतं, हे तुला पक्कं ठाऊक होतं.

टाकीची गोष्ट मी माझ्या बहिणीला सांगितली होती, पुण्याच्या वाचकांना नव्हे. शाळेच्या गच्चीवरच्या टाकीत मेलेलं कबूतर निघालं, दुसरीतली मुलं तेच पाणी पिऊन उलट्या करत होती, आणि आमच्या मालकीणबाईंनी कबूतर गुपचूप काढायला लावून, टाकी न धुताच झाकण बसवलं. सांगताना मला रडू फुटलं होतं. तेव्हा तू ऐकत होतीस की टाइप करत होतीस? आणि लिहिलंस काय, तर ‘मी झाकण उचललं’, ‘माझे हात थरथरले’! त्या गच्चीवर कधी पाय तरी ठेवलायस का? लेखाखाली लोकांची वाहवा, काय धाडस, काय लेखणी! वाचून अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

वर तुझी समजूत, की बडोद्यात मराठी ब्लॉग कोण वाचणार. शाळेचं नाव तेवढं गाळलंस, पण छाणीचा रस्ता आणि मोराचं फाटक घातलंसच. लहानपणी साडीच्या दुकानात गुजराती दुकानदारासमोरच आपण मराठीत ठरवायचो, किती कमी करून मागायचं ते. तो हसायचा, आठवतं? त्याला सगळं कळत होतं गं. कोकिलाबेन दांडिया बाजारात मराठी शेजारात वाढल्या. तुझा लेख छापून आणून त्यांनी तो स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर वाचला, कुठेही न अडखळता. मग चष्मा काढून म्हणाल्या, “केम अहल्याबेन, आमाला मराठी येत नाय असं वाटलं तुमाला?”

मला ब्लॉगचाच राग आहे असं समजू नकोस. शाळेचा ब्लॉग मीच लिहायचे. तो वाचून करजणपासून पालक चौकशीला आले, परदेशातल्या एका जुन्या विद्यार्थ्याने कॉम्प्युटर पाठवले. पण त्या ब्लॉगवर शाळा कायम हसत असायची. उलट्या सुरू झाल्या तेव्हा मी एकच ओळ टाकायला दिली होती, ‘मुलांना पाणी घरून द्यावे.’ कोकिलाबेननी ती काढली आणि रांगोळी स्पर्धेचा फोटो लावला.

तुझ्या लेखाचं मात्र वेगळंच झालं. कुणा आईच्या हाती तो लागला, तिने गुजरातीत सांगून बाकीच्यांना गोळा केलं, आणि सगळ्या जणी फाटकाशी येऊन बसल्या. दुपारपर्यंत टाकी उपसून घासून झाली. मुलं आता बरी आहेत. हे तुझ्यामुळे झालं, आणि तसं लिहिताना मला मुळीच आनंद होत नाही.

काल तुझा निरोप मिळाला. ‘ही गोष्ट काल्पनिक आहे’ असं तू ब्लॉगवर लिहिलंस तर सोमवारी मला परत घेतील, असं कोकिलाबेननी तुला कळवलं, आणि तू ताईसाठी लगेच तयारही झालीस. खबरदार! तसं लिहिलंस तर फाटकाशी बसलेल्या त्या आया खोट्या पडतील. एक अक्षर पुसू नकोस. फक्त तुझं ते ‘मी’ काढ आणि तिथे माझं नाव घाल, अहल्या, आडनावासकट. झाकण मी उचललं होतं, हात माझे थरथरले होते. सोमवारी मी शाळेत जाऊन हेच सांगणार आहे. नोकरी गेली तर गेली, ह्यांच्याशी बोलून झालंय. दिवाळीला इकडे यायचं की नाही ते मागून बघू, आधी नाव घाल.

नाइलाजाने का होईना, तुझीच,
अहल्याताई