स्पीकरचं खोकं अन् भाऊजीचं माप

मंगळवार, दिवेलागण

पोरीनं सुट्या भागांत धाडलेले टेबलावरचे स्पीकर आज जोडून झाले. त्याच्या लाकडी खोक्याला पॉलिशचा शेवटचा हात देऊन राहिले होते, तर माझे दीर आले. मी म्हनलं, "या भाऊजी, तुमच्यापेक्षा गोड बोलनारं आनलं घरात." हसले न्हाई. दरवेळी हसतात.

माझा मोजायचा टेप उचलून त्यांनी खोकं न्हाई, भिंत मोजली. पेन्सिलीनं खूण केली.

"काहून, एवढा मोठा स्पीकर बशिवता का?"

"वैनी, एकट्या बाईला एवढी खोली कशाला?"

हे गेल्यापासून खोलीवर माझं नाव चढलं न्हाई, ते भाऊजीला बराबर ठाव हाय. ती खूण पुसू का? पुसली तर काय व्हईल?

भाऊजी गेले तशी कडी लावली. स्पीकर वाजवलेच न्हाई. वाजवले तर दारात कोन आलं ते ऐकू यायचं न्हाई.