परसों म्हणजे कधी

७ एप्रिल, सोमवार

आले एकदाची हैदराबादला. नांदेडहून काचीगुड्यापर्यंत खिडकीची जागा मिळाली. सोबतच्या दशम्या शेजारच्या बाईंनी अर्ध्याअधिक संपवल्या, तरी बरंच वाटलं. फार दिवसांनी कुणाला तरी वाढलं.

स्टेशनवर सुजाता घ्यायला आली होती. ही यांच्या बहिणीची मुलगी, इथे शाळेत शिकवते. नल्लकुंट्याला तिच्या घरावरची खोली तिने मला दिली आहे. खोली लहान, पण पूर्वेला खिडकी, खाली शेवग्याचं झाड, आणि भिंतीत एक कोनाडा. ट्रंकेतून आधी पुस्तकं काढली आणि कोनाड्यात लावली, मग भांडी. सुजाता हसून म्हणाली, मामी, लोक आधी गॅस जोडतात.

मी शाळेत चौथीपर्यंतच. पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवर शिकले. त्याच जोरावर बावन्नाव्या वर्षी नोकरी लागली आहे. एक संस्था वस्त्यांमधल्या पाण्याचा आणि आजारांचा अभ्यास करते. एका वस्तीत निम्मी घरं आमच्या नांदेड-बिदरकडची, म्हणून त्यांना मराठी लिहिणारी बाई हवी होती. प्रतापराव असते तर म्हणाले असते, बघा, तुमच्या वाचनाला कुणीतरी गिऱ्हाईक मिळालं.

९ एप्रिल, बुधवार

दोन दिवस शिकवणी झाली. साहेब म्हणजे हर्षद, पुण्याचा, तिशीतला, सहा महिन्यांपूर्वी इथे आलेला. मला काकू म्हणतो.

काम सोपं आहे. वस्तीत एकशेवीस घरं. प्रत्येक घरी अर्ज भरायचा: माणसं किती, पाणी कुठून, उकळता का, ताप, जुलाब, कुणी वारलं का, कधी. मग ज्यांना ताप आहे किंवा होता, त्यांच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब जाड कागदावर घ्यायचा, वाळवायचा, मागे शिसपेन्सिलीने घर क्रमांक लिहायचा. कागदावर टायफॉइड निघाला की संस्था चिठ्ठी देते. ती चिठ्ठी असली की सरकारी दवाखान्यात खाट मिळते, एरवी बाहेरच्या बाकावर. मी मराठीत वहीत लिहायचं आणि संध्याकाळी हर्षदने ते यंत्रात चढवायचं.

त्याने एकच गोष्ट बजावली. लोक जे म्हणतील तेच लिहायचं, आपलं डोकं चालवायचं नाही.

आणि वस्तीतलं पाणी प्यायचं नाही. नळाचा पाइप तिथे नाल्यातून जातो. पण हे मला जमणार नाही. दारात आलेल्या बाईला पाणी दिल्याशिवाय कुणी बोलत नाही, आणि तांब्या परत केला तर पुढचं खरं कोण सांगेल?

११ एप्रिल, शुक्रवार

चाळीस घरं झाली. दखनी, म्हणजे इथली हैदराबादी उर्दू, कानाला गोड लागते. हो म्हणायला हौ, नको म्हणायला नक्को. नक्को तर आपलंच वाटतं.

आज दुपारी सतरा नंबर. दार उघडं, भामा नावाची बाई उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसलेली. मुखेडकडची. आपली बोली ऐकून मी खाली बसलेच. तिने पाणी दिलं, अगदी गार. आत तिची मुलगी रेणू, नऊ वर्षांची, आठ दिवस तापात. डोळे मोठे, ओठ फुटलेले. मला विचारलं, वहीत माझं नाव लिहिता का. लिहून दाखवलं. ती अक्षरांवरून बोट फिरवत राहिली.

रेणूच्या बोटातून थेंब लगेच आला. भामालाही मध्यंतरी ताप होता म्हणाली, पण तिचं बोट थंड. दोनदा टोचलं, खूप दाबलं, तेव्हा काळसर काहीतरी कागदाला लागलं. अशक्त बायकांचं होतं असं.

निघताना भामा म्हणाली, "बाई, लिवून झाल्यावर कुणी येतंय का परत?"

मी म्हटलं, मी येईन, मंगळवारी. चिठ्ठी मिळाली की तुझ्या पोरीला मीच दवाखान्यात नेईन.

हे मी का कबूल केलं ते मला माहीत आहे. यांना कावीळ झाली तेव्हा हे म्हणत राहिले, परवा जाऊ. मी ऐकलं. तो परवा आलाच नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

सकाळीच गेले, तर सतरा नंबरला कुलूप. शेजारी अठरा नंबरला हाजराबी राहते, साठीची, शिवणकाम करते. तिला विचारलं. मशीन न थांबवता म्हणाली, "भामा? वो तो परसोंइच गुजर गई ना."

परवा. म्हणजे रविवारी. तिच्या हातचं पाणी पिऊन दोनच दिवस झाले होते तेव्हा. मी तिथेच पायरीवर बसले.

रेणू हाजराबीच्याच खाटेवर होती, झोपलेली. कपाळ तापलेलं. मी वहीत लिहिलं: घर १७, भामा, मृत्यू परवा, १३ एप्रिल.

१७ एप्रिल, गुरुवार

ज्यांच्याकडे दुसऱ्यांदा जायचं होतं ती घरं केली. आठ नंबरचे म्हातारबा, ज्यांनी मला खुर्ची पुसून दिली होती. तेवीसची बाळंतीण. एकतीसचे दोघे भाऊ. जिथे जाते तिथे शेजारी तेच सांगतात, परसों. एकूण अकरा माणसं. सगळ्यांनी मला पाणी दिलं होतं, सगळ्यांचं रक्त मी घेतलं होतं.

हर्षदला सांगितलं तसा तो पांढरा पडला. तीन दिवसांत अकरा, काकू, ही साथ आहे, म्हणाला. संस्थेच्या दिल्लीच्या ऑफिसला फोन झाले. उद्या मोठे लोक येणार. पाणी बंद करून टँकर लावतील. मला वाटलं, भामासाठी उशीर झाला, पण रेणूला तरी खाट मिळेल.

१९ एप्रिल, शनिवार

मोठे लोक आले, बसले, उठले. झालं ते असं. ऑफिसात मृण्मयी म्हणून मुलगी आहे, इथेच जन्मलेली, मराठी बोलते पण वाचताना अडखळते. तिने यादी पाहिली आणि हसायलाच लागली. म्हणाली, हैदराबादेत परसों म्हणजे परवा नाही हो. परसों म्हणजे मागे कधीतरी. माझे बाबा स्वतःच्या लग्नाचंही परसों म्हणून सांगतात.

सगळे हसले. पुण्याचा साहेब आणि नांदेडची काकू, दोघांनाही कळलं नाही, म्हणून आणखी हसले. साथ नाहीच. हर्षदने अकराही नोंदी खोडल्या. जुने मृत्यू, तारीख अज्ञात. टँकर रद्द.

मी हसले नाही. म्हटलं, साहेब, ती माणसं आधीच गेली होती तर मला पाणी कुणी दिलं? रक्त कुणाचं घेतलं?

हर्षदने कपाटातून कागद काढून समोर ठेवले. अकरा कागद. कोरे. डागही नाही. काकू, सुई नीट टोचत नाही तुमची, आणि घरांचे आकडेही चुकलेत, असं तो म्हणाला. रागावून नाही, समजावून. ते जास्त लागलं.

२१ एप्रिल, सोमवार

हाजराबीला स्पष्टच विचारलं, परसों म्हणजे कधी? ती बोटं मोजू लागली. नाला घरां में आया था ना, उस साल. एक, दोन, तीन. पाच बोटं झाली.

पाच वर्षं.

मी म्हटलं, पण अकरा तारखेला भामा दारात बसली होती. हाजराबीला काही नवल वाटलं नाही. दोरा दाताने तोडत म्हणाली, हौ, आती ना. या गल्लीत जे त्या पाण्याने गेले ते सगळे दुपारचे येतात. आपापल्या दारात बसतात. आल्यागेल्याला पाणी देतात. रेणूला हाजराबीनेच वाढवलं, आई गेली तेव्हा पोर चार वर्षांची होती. पण दुपारी ती आईकडे जाऊन बसते. अडवून राहत नाही.

मग तिने मशीन थांबवलं. पहिल्यांदाच.

"तुम पिए क्या, अम्मा?"

२२ एप्रिल, मंगळवार

रेणूचा कागद कोरा नव्हता. टायफॉइड निघाला. आज कळलं.

चिठ्ठी मागितली. हर्षदने यंत्रात पाहिलं. रेणूचं नाव घर सतराखाली. घर सतरा खोडलेलं, तिथे कुणी राहत नाही. अठराचा अर्ज मी आधी भरला तेव्हा त्यात रेणू नव्हती, ती सतरात मोजलेली. आता यादी बंद झाली, नाव घालता येत नाही. म्हणजे, काकू, अशी मुलगी आमच्याकडे नाहीच, असं तो म्हणाला. कागदावर तिचं रक्त आहे म्हटलं तर म्हणाला, कागद आहे, पण घर नाही.

लोक म्हणाले तेच मी लिहिलं. डोकं चालवलं नाही.

२३ एप्रिल, बुधवार

हाजराबीने मागच्या आठवड्यात रेणूला सरकारी दवाखान्यात नेलं होतं. गोळ्या देऊन परत पाठवलं. खाट नाही. तिने ते मला सांगितलं नव्हतं, कारण मी चिठ्ठी आणणार होते ना.

सुजाता म्हणते, मामी, तुमचा चेहरा उतरलाय, नांदेडला जाऊन या. माझ्याही पोटात कालपासून कळ येते. तिला सांगितलं नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

दुपारी दोन वाजता गल्लीत गेले. दारं उघडी होती. आठचे म्हातारबा. तेवीसची बाळंतीण. दोघे भाऊ. सगळे बसलेले, हातात तांब्या. मी अंग चोरून चालले. प्रत्येकजण तांब्या थोडा पुढे करायचा, मी गेले की मागे घ्यायचा.

सतराला भामा. मांडीवर रेणू.

मी म्हटलं, भामा, पोर माझ्याकडे दे. अजून वेळ आहे.

ती म्हणाली, "मंगळवारी येते म्हणालात."

मी आले होते. तुझ्या दाराला कुलूप होतं, असं सांगणार होते. पण तिने रेणूच्या ओठाला तांब्या लावला — मी ओढून घेतला — पाणी सांडलं —

२५ एप्रिल, शुक्रवार

पोर आज हाजराबीकडे. ताप नाही. हाजराबी खूश, घाम येऊन उतरला म्हणते. मी हात लावून पाहिला. अंग भामाच्या बोटासारखं थंड. उतरलेला ताप असा नसतो.

रिक्षावाला गल्लीत येईना. मी रेणूला कडेवर घेतलं आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या डॉक्टरकडे नेलं. तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, वजन होतं, पदर तिथे ओला झाला. कंपाउंडरने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, अम्मा, किसकू दिखाना है?

हिला, म्हटलं. तो इकडेतिकडे पाहू लागला. मग हळू आवाजात, जसं वेड्याशी बोलतात तसं, म्हणाला, बैठो, पानी पियो.

तो खोटं बोलत असेल. गर्दी होती. नीट पाहिलं नसेल.

२६ एप्रिल, शनिवार

सकाळी आठ. आज मोठ्या दवाखान्यात जाणार. चिठ्ठी नाही तर मीच लिहीन. माझं अक्षर वाचता येतं.

दहा. हाजराबीच्या घराला कुलूप. शेजाऱ्यांना विचारलं. त्यांनी रेणूचं सांगितलं. मी ऐकलं नाही, कान झाकले. तो शब्द मला नको.

दुपारी एक. सतराचं दार उघडं. रेणू आत आहे. एकटीच. मला पाहून हसली.

दीड. उचलता येत नाही. माझ्यात जोर नाही. सारखं बाहेर जावं लागतं. जुलाब —

दोन. बाहेर सगळे बसलेत. कुणीतरी दारात तांब्या ठेवला.

तहान लागली आहे.

दोन वीस. लिहून ठेवते. शब्दात नाही, आकड्यात. आज २६ एप्रिल. दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं. घर क्रमांक सतरा. रेणू, वय नऊ. जिवंत आहे. मी स्वतः पाहते आहे. ही नोंद कुणी खोडू नये. तिला खाट —

दोन चाळीस. श्वास चालू आहे. मोजते आहे. तिने मला विचारलं, माझं नाव पुन्हा लिहा ना.

रेणू

दोन पन्नास. रेणू. जिवंत. तिचा हात माझ्या हातात आहे. मी सही करते. जयवंता प्रतापराव. हात माझ्या हातात आहे आणि तो