लाचार बाईचं घर

रिठद, रविवार, ८ फेब्रुवारी

आज सिनेमावाल्यांना घरातून परत पाठवलं. पस्तावा नाही.

त्यांना शूटिंगसाठी मजूर बाईचं घर हवं होतं. मी हौसेनं हो म्हणाले. दिग्दर्शकानं आधी आमचा फ्रीज मागच्या खोलीत ढकलला, मग निळ्या भिंतीवर चिखल फासायला लावला. फ्रीज हलवला तेव्हाच का नाही बोलले? मग त्याचा माणूस बुद्धाची तसबीर उतरवायला स्टुलावर चढला.

"ते काहून काढता?" मी विचारलं.

"ती दिसली की सीनचा अर्थच बदलतो, ताई. बाई लाचार वाटली पाहिजे," दिग्दर्शक म्हणाला.

लाचार! आईनं जन्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदण केलं आणि याच तसबिरीखाली बसवून मला शिकवलं. आईच पुढे आली. "मजूर बाई पाहाची असन तं मले पाहा. तसबीर हालनार नाही."

"मग दुसरं घर बघावं लागेल."

"बघा," मी म्हणाले. "निघा आता."

सामान गाडीत भरताना दिग्दर्शक पुटपुटला, "यांना सिनेमा कळत नाही."

नसेल कळत. पण माझी आई कशी दिसते, हे मला त्याच्याकडून शिकायचं नाही.