मंडईतली राणी

चंद्रपूर, १० नोव्हेंबर २०२४

हेमराजभाऊले रंजीताचा नमस्कार.

मी बरी आहे. धान कापणीले आला. भाऊबीजेले तुझी वाट पाह्यली, फराळ तसाच राह्यला. तू फोन उचलत नाईस, म्हणून ही चिठ्ठी मिथुनच्या हातून बल्लारपूरले पाठवून राह्यली. हो, तुझाच माणूस मिथुन. त्याले मारू नको, आधी वाच.

तुले माझ्या दंडारीचा राग. सांजीले गावचे पोट्टे नाचगाण्यात गुंतले का तुझ्या चोरीच्या कोळशाच्या गाड्या भराले कोणी भेटत नाई. त्यात बिरजू तुझा धंदा सोडून आमच्यात आला. तुनं निरोप धाडला, "त्याले नाचाचं आहे न? पाय तोडतो, मंग नाच म्हणा." मले वाटलं, भाऊ नुसता गरजते.

मंडईची जत्रा भरली त्या दिवशी तुझी माणसं आली. दिवेलागणीची वेळ, पोट्टे रंग लावून तयार. दंडारीत बाईचं सोंग पोट्टेच घेतात, अन् राणी बिरजू होते हे साऱ्याईले ठाऊक. हिरव्या लुगड्यातल्या राणीले त्याईनं शाळेमागं ओढलं अन् लोखंडी सब्बलीनं हाणलं. हाड मोडल्याचा आवाज म्या ऐकला, भाऊ. राणी वरडत होती, लोकाईले वाटलं तालीम चालू आहे. मी धावली तं मलेही एक पडली, समोरचे दात गेले. मिथुननं केस धरून डोस्कं वर केलं तं टोपच हातात आला. मंग त्याच्या हातची सब्बल गळली.

बिरजूचा पाय मुरगळला होता. त्याचं लुगडं तुझ्या पवननं नेसलं होतं.

दुसऱ्याचे पोट्टे तुनं कोळशात घातले अन् आपला पोरगा माझ्याकडे ठेवला, "याले धंद्याची हवा लागू देऊ नको" म्हणून. वा रे भाऊ! उजवा पाय गुडघ्याखालून कापला त्याचा. रक्त बिरजूनं देल्लं. गावचे पोट्टे कुऱ्हाडी घेऊन तुझ्याकडे निघाले होते. म्या वाटेत आडवी पडून थांबवले. एकानं लाथ हाणली, तरी उठली नाई. पुन्हा थांबवाले माझ्यात बळ नाई, अन् मनही नाई.

इथं दवाखान्यात शुद्धीवर आल्यापासून पवन विचारून राह्यला, "आत्या, त्याईले कोणं पाठवलं?" मिथुन दाराबाहेर खाली मान घालून रडते. पवन मले "बाबाले बोलाव" म्हणते. त्याले वाटते, तू येशीन अन् त्या लोकाईचा जीव घेशीन.

ये. अन् तूच सांग त्याले.

पवनची आत्या,
रंजीता