नाव कोण सुचवणार

ता. ३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

परगावी गिरणीगिरणीतून भाषणं देत फिरतोस, घसा सांभाळ. इथे आई अंथरुणातूनच विचारते, पोरगा कायदेमंडळात गेला का. मी सांगते, आधी उमेदवार तर होऊ दे.

आता खरं बोलते. संघटनेच्या सभेत उमेदवारीसाठी तुझं नाव माझ्या शेजारच्या मागावरची ती लांबडी सुचवणार, हे सगळ्या गिरणीला कळल्यावर मला कळलं, तेही तिच्याच तोंडून. मागावर उभी राहून सकाळपासून तिची फुशारकी चाललीय, तू तिला खास निरोप धाडलास म्हणून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लहानपणी सुताच्या कांड्या उचलायला तुला बोट धरून गिरणीत नेलं मी. पहिल्या संपात तू पिंपावर चढून बोललास, तेव्हा ते डगमगतं पिंप खाली धरून बसले मी. आणि चारचौघांत तुझं नाव घ्यायची वेळ आली तर लांबडी? आयत्या बिळावर नागोबा!

फार रागावलेय. उत्तर धाडलंस तरच पुढचा लोभ.

तुझी ताई

ता. ८ फेब्रुवारी

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचताना कान लाल झाले, आणि हसूही आलं. आमची रीत तुला ठाऊक आहे. उमेदवार स्वतः सभेला नसतो, त्याचं नाव त्याच्याच गिरणीतल्या कोणीतरी सुचवायचं. पण पुढचं तुझ्यापासून मुद्दाम लपवलं होतं. मागे शेजारच्या गावात ज्याने नाव सुचवलं, त्याला दुसऱ्या दिवशी मुकादमाने कामावरून काढून फाटकातूनच परत पाठवलं. आपल्याकडेही तेच होणार. लांबडीला हे सांगूनच विचारलं. तिचा नवरा कमावता आहे. तुझ्या एकटीच्या मागावर आई आणि पोरं जगतात. माझ्यापायी तुमची चूल विझली तर कुठल्या तोंडाने निवडून येऊ? तू मागे बस आणि नुसता हात वर कर. एवढं ऐक.

पोरांना गोड पापा. राग सोड, माया सोडू नकोस.

तुझा धाकटा

ता. १३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

कालच्या सभेत तुझं नाव एकमताने ठरलं. आई ऐकून रडली, मग पोटभर जेवली.

मी तुझं ऐकणार होते, अगदी शपथेवर. मागच्या बाकावर गुपचूप बसले होते. लांबडी उठली आणि म्हणाली, "हा मला पाठच्या भावासारखा."

झालं! मी कधी उभी राहिले, माझं मलाच कळलं नाही. म्हटलं, "सारखा नाही. माझा पाठचा भाऊच आहे तो. नाव मी सुचवते." सगळी सभा हसली. लांबडीने तोंड वाकडं केलं, पण अनुमोदन तिनेच दिलं.

आता जो तो म्हणतो, ताईने केवढा त्याग केला. कसला त्याग? नुसता जळफळाट होता, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. आज मुकादमाने आम्हा दोघींनाही फाटकातून परत पाठवलं. माझ्या मागावर नवी पोरगी उभी आहे. घरी येऊन आधी पोरांसाठी डब्यात पीठ किती उरलंय ते बघितलं. दुपारी लांबडी पीठ घेऊन आली. ते तिच्या हातून घ्यावं लागलं, हे माग गेल्याहून जास्त झोंबलं.

माझ्या काळजीने माघार घेशील तर खबरदार. माग गेलाच आहे, आता भाऊ तरी निवडून येऊ दे. आणि आभाराच्या भाषणात तिला बहीण म्हणालास तर याद राख.

लोभ दोघींवर असला तरी माझ्यावर जास्त असावा.

तुझी ताई