सातवी फीत

९ जानेवारी
उणे एकेचाळीस. डाव्या हाताची दोन बोटं अजून माझी नाहीत! आज विमानात दूध, डायपर आणि मूस हरणाच्या मांसाची गोठलेली चार खोकी चढवली. शिवाय एक सोफा. हो, सोफा! पायलटचा परवाना खिशात आणि मी विमानाच्या पोटात सोफा ढकलतेय. सोळा महिने झाले.

बेवच्या दारावर यादी चिकटवलेली आहे. ती आमची मुख्य पायलट. जमिनीवर जो जास्त दिवस राबला त्याचं नाव वर. उजवी खुर्ची, म्हणजे को-पायलटची, रिकामी झाली की वरचं नाव उचलायचं. सध्या वर मी – नडीन बॅलंटाइन. खाली कॉर्बिन ड्यूक. आता त्या खुर्चीत बसणारी स्टेफनी मार्चमध्ये दक्षिणेकडे मोठ्या कंपनीत जातेय म्हणे. मार्च! दिवसातून चारदा त्या दारावरून जाते, यादी बदललीय का बघायला. यादीला काय पाय फुटणार आहेत?

११ जानेवारी
आईचा फोन. "अगं, विमान चालवतेस की नाही अजून?" "चालवेन." "मागच्या हिवाळ्यातही हेच म्हणाली होतीस." फोन ठेवून खोलीत येरझारा घातल्या. भिंतीपलीकडून कॉर्बिन ओरडला, "उड्डाण कधी गं? धावपट्टी संपत आली!" गाढव कुठला.

२३ जानेवारी
आज कॅप्टन लॉर्न सिगर्डसननी स्वतःचे आतले हातमोजे काढून मला दिले. "बोटं सांभाळ. पुढे लागतील." पुढे लागतील! म्हणजे त्यांच्या डोक्यात मी खुर्चीत बसलेलीच आहे. एकतीस वर्षं इथे उडवताहेत, एप्रिलमध्ये निवृत्त होतील. तो जुना तपकिरी कोट आणि त्याचे फुगलेले खिसे – पेन्सिलीचे तुकडे, किल्ल्या, पेपरमिंट. विमानाभोवती चक्कर मारताना जाताजाता माझं एखादं काम उरकून टाकतात, न सांगता. असा कॅप्टन व्हायचंय मला.

४ फेब्रुवारी
नीट क्रमानं लिहिते. नाहीतर डोकं थांबणार नाही.

उभ्या विमानाच्या सगळ्या तोंडांत आम्ही बोळे कोंबतो, आत बर्फ जाऊ नये म्हणून. सात बोळे, प्रत्येकाला लाल फीत. निघताना ते काढायचे आणि इंजिन सुरू व्हायच्या आधी विमानाच्या नाकासमोर उभं राहून फिती उंच धरायच्या. कॅप्टन काचेतून मोजतो, अंगठा दाखवतो. मग हँगरमधल्या सात खिळ्यांवर सात बोळे.

आज मी फिती धरल्या. लॉर्ननी अंगठा दाखवला. मी स्वतः मोजल्या नाहीत. वारा होता, बोटं बधिर होती, फिती गुंतल्या होत्या – नाही, सबबी नकोत. मोजल्या नाहीत!

विमान गेलं. हँगरमध्ये आले. सातवा खिळा रिकामा.

खिसे उलटे केले. बूट काढले. गुडघ्यांवर बसून बर्फ चाळला. उजव्या इंजिनाचा, तेल थंड करायच्या तोंडातला बोळा. तो आतच राहिला असेल तर तेल तापत जाणार, आणि वाटेत इंजिन बंद करावं लागणार. खाली काय, नुसती गोठलेली तळी.

कॉर्बिन म्हणाला, "पडला असेल कुठेतरी. अर्ध्या तासात पोचतील ते. गप्प बस." मग माझ्याकडे न बघता, "नडीन, तुझा नंबर आहे."

मी रेडिओ उचलला.

"खात्री आहे?" लॉर्ननी विचारलं.

"नाही."

"तेल ठीक दिसतंय. पण येतो परत."

दोन तास इंजिनात बॅटरी मारून शोधलं. काही नाही. तोवर बर्फाचं वादळ आलं आणि विमान जिथे निघालं होतं त्या ओटर नॅरोज गावाची वाट बंद झाली. विमानात पाच प्रवासी होते. त्यांतली सिसिलिया आजी बहिणीला माती द्यायला निघाली होती. दोन वाजता तिथे दफन होतं.

प्रवाशांच्या खोलीत मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. "आजी, चूक माझी आहे."

"माहीत आहे. अख्ख्या खोलीला माहीत आहे." मग म्हणाली, "जन्मभर ती माझ्यासाठी कधी थांबली नाही. आज मी नाही पोचले. झाली फिटंफाट." बाजूच्या बायका हसल्या. आजीनं डब्यातली बॅनक, म्हणजे इथली जाड भाकरी मोडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

ती भाकरी अजून माझ्या टेबलावर आहे. खाववत नाही.

५ फेब्रुवारी
बेवनं बोलावलं. लॉर्न खिडकीपाशी उभे होते, हात खिशात.

"लॉर्न, तुम्ही किती मोजल्या?"

"सात."

"नक्की?"

"मला सातच दिसल्या."

म्हणजे बोळा माझ्या हातात होता! विमान गेल्यावर मी तो कुठेतरी पाडला. म्हणजे विमानाला काहीच धोका नव्हता, आणि मी उगाच त्यांना परत आणलं. आजीला उगाच!

बेव म्हणाली, "बोललीस म्हणून नोकरी राहिली. बोळा हरवलास म्हणून नंबर गेला." पेन घेऊन तिनं माझं नाव खोडलं आणि सगळ्यात खाली, नव्या माणसाच्याही खाली लिहिलं. लॉर्न ओरडले नाहीत याचंच किती बरं वाटलं.

६ फेब्रुवारी
पुन्हा बर्फ चाळला. कॉर्बिन दुसरं फावडं घेऊन आला.

१७ फेब्रुवारी
नवा बोळा आला. त्याची फीत नारंगी. सहा लाल, एक नारंगी. येणाराजाणारा प्रत्येक जण बघतो. नव्या माणसानं विचारलं, "ही एकच वेगळी का?" कॉर्बिन म्हणाला, "फॅशन." मी बाहेर गेले.

३ मार्च
बॅग भरली. दुपारी रिकामी केली. आईला काही सांगितलेलं नाही.

मी फिती धरल्या तेव्हा हाताला किती लागल्या? रोज आठवून बघते. कधी सहा, कधी सात. स्वतःच्या हातावर विश्वास नाही, आणि मला विमान चालवायचंय!

१४ मार्च
कॉर्बिन खुर्चीत बसला. पहिलं उड्डाण, शेजारी लॉर्न. फिती मीच दाखवल्या. तीन वेळा मोजल्या. सात. लॉर्ननी मान खाली घालून अंगठा दाखवला. कॉर्बिननं हात हलवला आणि लगेच काहीतरी शोधायचं सोंग केलं. बरा मुलगा आहे, राग धरायचा तरी कसा? विमान ठिपका होईपर्यंत बघत राहिले. मत्सर वाटला. खूप वाटला. लिहून टाकलं, बस.

५ एप्रिल
लॉर्नचा निरोप. केक, टाळ्या. इथली रीत आहे – जाणारा कॅप्टन आपला कोट जमिनीवर काम करणाऱ्या कोणालातरी देतो. सगळ्यांना वाटलं नव्या माणसाला देतील, त्याच्याकडे धड कोट नाही. मला दिला! सगळ्यांसमोर!

"तुला अजून एक हिवाळा काढायचाय," म्हणाले. मग अगदी हळू, "त्या दिवशी बोललीस, ते बरोबर केलंस."

मला रडूच आलं. दोन महिन्यांत हे कोणी म्हणालं नव्हतं. ते आणखी काहीतरी बोलणार होते. थांबले. जाताना दारातून म्हणाले, "खिसे बघून घे. कचरा असेल."

७ एप्रिल
खिसे आज बघितले. आतल्या खिशात, पेपरमिंटच्या कागदांखाली, बोळा. लाल फीत त्याच्याभोवती घट्ट गुंडाळलेली, वरून रबरबँड. त्या दिवशी विमानाभोवती चक्कर मारताना त्यांनीच काढला असणार, न सांगता; माझ्या हातात सहाच फिती होत्या. खिशात विसरलेल्या वस्तूला कोणी रबरबँड लावत नाही.

सातव्या खिळ्यावर टांगलाय, नारंगीच्या शेजारी, रबरबँडसकट. खाली कोट. कोटावर त्यांचं नाव शिवलेलं आहे. बेव आठ वाजता येते. मी इथेच उभी आहे.